पाच फूट चारचा पलंग

चहाला आलेला माणूस बसायच्या आधी तुमचा सोफा मोजतो का हो? आमचे सबनीस काका मोजतात. एक वेळ खिशात रुमाल नसेल, पण टेप असतेच. "खाली चौदा इंच रिकामे आहेत. हवा साठवतेस का गं?"

इथे अमेरिकेत, रेडमंडला, काका-काकू आमच्या शेजारी राहतात. जन्मभर काकांनी ट्रिपा "पुढच्या वर्षी नक्की" म्हणत कॅन्सल केल्या. रिटायर झाले आणि भरपाई म्हणून एक जुनी डिलिव्हरी व्हॅन घेऊन आले. तिच्यात घर करायचं आणि काकूंना अख्खी अमेरिका दाखवायची! हिवाळाभर बाहेर पाऊस, गराजमध्ये ठोकाठोकी आणि टेपचं दुसरं टोक धरायला मी. वर्क फ्रॉम होमचा हा उपयोग माझ्या मॅनेजरला ठाऊक नाही, तेच बरं.

"एका वस्तूला एकच काम म्हणजे चैन!" हे काकांचं ब्रीद. बाक उघडला की डाळ-तांदूळ, पायरी ओढली की चपला, पोळपाट अडकवला की खिडकी बंद. कुकरच्या पोटात पातेलं, पातेल्यात वाट्या, वाट्यांत लसूण. पलंगाच्या पायथ्याशी मसाल्यांचं सोळा खणांचं कपाट. ते तर येईल त्याला दाखवायचे. मी एकदा म्हटलं, "छान आहे, पण जरा अडचण होते." दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

एप्रिलात काकूंना व्हॅन दाखवली. काकू पलंगावर आडव्या झाल्या आणि दोन मिनिटांत बाहेर आल्या.

"तुम्ही जा खुशाल. मी नाही यायची."

"अगं, पण का?"

काकू तडक घरात गेल्या. काकांचं तोंड एवढंसं झालं.

कारण मला दिसत होतं. पलंग पाच फूट चार इंचांचा, म्हणजे बरोब्बर काकांएवढा. काकू त्यांच्याहून चांगल्या तीन इंच उंच! हॉलमध्ये लग्नाचा फोटो आहे. अंतरपाटाच्या एका बाजूला काकू एका पाटावर, दुसऱ्या बाजूला काका दोन पाटांवर. अडतीस वर्षांत काकूंनी टाचेची चप्पल घातली नाही की घरात कुणी हा विषय काढला नाही. टेप धरणारी मी, मीच बोलायला हवं होतं. पण माझी काय बिशाद!

शेवटी धीर करून विचारलं, "काका, पलंग कुणाच्या मापाचा केलात?"

"माझ्या. मला पुरतो म्हटल्यावर हिला..." काकांनी वाक्य अर्धंच टाकलं. असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

तीन दिवस करवत चालू होती. चौथ्या दिवशी हाक आली, "टेप धर!" बघते तर लाडक्या कपाटाचे खालचे आठ खण कापलेले, आत कोनाडा, आणि कोनाड्याला काकांच्या जुन्या शालीचं अस्तर.

"हिचे पाय गार पडतात," काका म्हणाले. मग काकूंना झोपवून त्यांनी माप घेतलं आणि मोठ्यांदा वाचलं, "पाच फूट सात."

"सापडलं एकदाचं माझं माप!" काकू हसल्या.

"काका, तरी कोनाड्यात चार इंच उरलेत. वाया?" मी चिडवलं.

काका टेप गुंडाळत राहिले. "लग्नानंतर आमची खाट लहान होती गं. तेव्हापासून ही पाय पोटाशी घेऊन झोपते. मला वाटायचं, सवयच आहे तिची."

काकूंनी कोनाड्यात पाय लांब सोडले, डोळे मिटले. मी आणलेला चहा निवला, तरी आम्ही कुणी त्यांना उठवलं नाही.