चौरस्ता म्हणा

आमच्या नामदेवअण्णांकडून वांगी घ्यायची तर आधी 'चौरस्ता' म्हणावं लागतं. एखादं गिऱ्हाईक चुकून "एक्स रोडवरची वांगी ताजी असतात" म्हणालं, की अण्णा टोपलीवर पोतं ओढतात.

तामसीहून आदिलाबादला जाणारी बस जिथं थांबते, तिथं माझं किराणा दुकान आणि समोर अण्णांची टोपली. आता सगळेच त्या जागेला एक्स रोड म्हणतात. मीही दुकानाच्या बोर्डावर तेच रंगवून घेतलं, तर अण्णांनी माझा चहाच सोडला.

"काऊन चिडून राह्यले, अण्णा?"

"एक वाट तामसीची, एक आदिलाबादची, एक वावराची, एक आमच्या घरची. चार झाल्या ना? मंग चौरस्ता म्हनाले तोंड दुखते काय?"

बस आली की कंडक्टर तेलुगूत उतरायला सांगत ओरडतो, "एक्स रोड, दिगंडी!" अण्णा लगेच दाराशी. "साब, चौरस्ता बोलो." कंडक्टर हसतो, घंटी मारतो. म्हातारा सटकला, असंच मी धरून चाललो होतो.

मग एकदा अण्णांनीच सांगितलं. त्यांची बहीण कौसाबाई तामसीपलीकडे राहते. तिची नजर गेली आहे. तरी भाऊबीजेला एकटीच येते, न्यायला कुणी आलेलं तिला खपत नाही. "माहेरी जायले सोबत कायले लागते?" म्हणते. कंडक्टर चौरस्ता म्हणाला की उतरायचं, एवढं तिला ठाऊक. गेल्या वर्षी 'एक्स रोड' ऐकून ती बसूनच राहिली. अण्णांना संध्याकाळी आदिलाबादच्या स्टँडवर सापडली, ओवाळायच्या सामानाची पिशवी मांडीवर धरून.

"आता नाही येत मी, दादा," म्हणाली.

"कंडक्टरले चौरस्ताच म्हनाले लावतो. तू ये," अण्णांनी तिला शब्द दिला होता.

यंदा भाऊबीजेला त्यांनी टोपली आणलीच नाही. सकाळपासून नुसते उभे. मलाही दुकानात करमेना. दुपारची बस थांबली. कंडक्टर तोच. त्यानं अण्णांकडे पाहिलं, आत वळला आणि मोठ्यानं म्हणाला, "चौरस्ता. चौरस्ता उतरनेवाले."

बराच वेळ कुणी उठलं नाही. मग दारात एक काठी पायरी चाचपू लागली.

"दादा, आला का चौरस्ता?"

वर्षभर सगळ्यांना तो शब्द शिकवणाऱ्या अण्णांच्या तोंडून तो फुटेना. त्यांनी नुसता तिचा हात धरला.

"आला, मावशी," मीच म्हणालो. "चौरस्ताच हाये."