गादीच्या माथ्यावरील बर्फाची हकीकत

श्रीगणाधीश प्रसन्न असो. लिहिणारा अल्पमती; कोठे चुकले भासेल तेथे बहुधा चुकलेच असेल, वाचणारांनी सांभाळोन घ्यावे. शके सोळाशे एकोणचाळीस, हेमलंबी नाम संवत्सरे, पौषमासी, उत्तरेकडील एका डोंगरी राज्यात बर्फ अपार पडले आणि राजवाड्याचे छपरावर पुरुषभर थर चढला आणि तुळया करकरो लागल्या. रयतेने आपापली छपरे फावड्यांनी मोकळी केली. राजवाड्यास मात्र उपाय चालेना. कारण तेथील रिवाज ऐसा की, गादीचे माथ्यावर कोणाचा पाय पडो नये. आणि दरबार व बाळंतिणीची खोली एकाच छपराखाली, आणि खोलीत राणीसाहेब नवजात कन्येसह निजलेल्या, सोयर फिटल्यावाचून त्यांस हलवावयाची मनाई. मग थोर मुत्सद्दी जमले आणि विचार करो लागले. विचार करणे हा त्यांचा पिढीजात हुद्दा, त्यात कसूर नाही. एक बोलिले, चोपदारांनी खालून बर्फास दरडावावे. तैसे केले. चोपदारांचे घसे बसले, बर्फ जागचे हलले नाही. मग महाराजांच्या मातोश्री आईसाहेब दरबारात आल्या आणि मुख्य कारभारी विसाजीपंत यांस पुसिले, "पंत, वर कोणी चढत का नाही?"

"गादीचे माथ्यावर पाय पडेल, आईसाहेब."

"आणि वर बर्फ बसले आहे ते?"

"ते ईश्वराने पाठविले. त्यास पाय नाहीत."

"तुम्हांस आहेत, ते काय शोभेला?"

तेव्हां महाराज गादीवरून म्हणाले, "आईसाहेब, पंत विचारात आहेत, थोडे थांबावे."

"तुळई थांबेल काय? तुम्हांस याच पायांवर आडवे घालोन न्हाऊ घातले. आमचा पाय तुम्हांस नवा नाही."

पंतांनी रिवाजांची पोथी मागविली. तोवर आईसाहेब कासोटा घालोन, दोन दासी घेवोन शिडीने वर चढल्या आणि बाळंतिणीच्या खोलीवरचे बर्फ अंगणात लोटू लागल्या, आणि ते पोथी घेवोन बाहेर आलेल्या मुत्सद्द्यांचे पागोट्यांवर पडले. पंत खालून म्हणाले, "पोथीत मातेस मुभा आहे, दासींस नाही. त्यांनी उतरावे." दासी उतरल्या. मग आईसाहेबांनी एकटीने खोली मोकळी केली आणि त्यांचे हात चालेनासे झाले आणि त्या खाली उतरोन म्हणाल्या, "नातीचे छप्पर झाले. दरबाराचे तुम्ही विचार करोन काढा." इतक्यात दरबारावरची तुळई कडाडली आणि महाराज पागोटे टाकोन बाळंतिणीच्या खोलीत धावले आणि दरबाराचे छप्पर बर्फासह गादीवर कोसळले.

पंत ढिगाऱ्याशी उभे राहोन म्हणाले, "महाराज, रिवाज राहिला."

महाराजांनी उराशी धरिलेल्या कन्येस राणीसाहेबांचे कुशीत ठेविले आणि बाहेर येवोन फावडे मागितले.

"महाराजांनी फावडे धरणे गादीस कमीपणा," पंत बोलिले.

महाराज म्हणाले, "पंत, गादी कोठे आहे ती दाखवा."

मग पंत बहुत वेळ ढिगारा पाहत राहिले आणि महाराज उरल्या छपराचे बर्फ काढावयास शिडी चढोन गेले.

येणेप्रमाणे बाळ-बाळंतीण वाचली, दरबार गेला, महाराज फावडे चालवो शिकले. मुत्सद्दी सर्व शाबूत आहेत, हेही लिहिणे भाग.