रजा मंजूर, लॅपटॉप नामंजूर

येत्या गुरुवारी पहाटे दोन ते पाच या वेळेत उल्कावर्षाव होणार होता. या कार्यक्रमासाठी आकाशाने कोणाचीही पूर्वपरवानगी घेतलेली नव्हती, हे आधीच नमूद करते. पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

उल्का बघायला दुर्बीण लागत नाही. काळोख लागतो, मोकळे क्षितिज लागते, पाठ टेकायला चटई लागते आणि डोळ्यांच्या कडा शाबूत लागतात. टक लावून बघणाऱ्यापेक्षा नुसते पडून राहणाऱ्याला उल्का जास्त दिसतात, कारण त्या बहुधा नजरेच्या कोपऱ्यातून जातात. आमच्या घरी नेमकी हीच अट अडचणीची होती. माझ्या आत्याला काचबिंदू आहे. या आजारात नजर कडेकडून विझत आत येते. आत्याची डावी बाजू गेलेलीच आहे. उजवी, डॉक्टरांच्या मते, आणखी वर्षभर तग धरेल. या वर्षी उल्कावर्षावाच्या रात्री चंद्र नव्हता. पुढच्या वर्षी चंद्र असणार होता आणि आत्याची उजवी बाजू नसणार होती.

"उजवं आकाश मी बघते, डावं तू बघ," आत्या म्हणाली. "दोघी मिळून एक धड माणूस होऊ."

आत्याने एका शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षे सहायक म्हणून काढली आहेत. मोजल्याशिवाय तिला कशातच आनंद मिळत नाही. मीही पदार्थविज्ञान शिकलेली, त्यामुळे मी लगेच तक्ता केला. जागा तीन: बंद पडलेल्या दगडखाणीचे पठार, धरणामागचा माळ आणि जुन्या हवामान केंद्राची टेकडी. रकाने सहा: काळोख, क्षितिज, रस्ता, डास, कुत्री आणि आत्यासाठी स्वच्छतागृह. खाण पहिली आली. स्वच्छतागृह कुठेच नव्हते, म्हणून तो रकाना मी शास्त्रीय वृत्तीने काढून टाकला.

मग गुरुवारची एक दिवसाची रजा टाकली. ती चार मिनिटांत मंजूर झाली. आमच्या कार्यालयात काहीही चार मिनिटांत होत नाही, तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते. आम्ही पाण्याचे नमुने तपासतो. पाणी गढूळ आहे हे उघड्या डोळ्यांना दिसत असले, तरी तसा अहवाल निघायला आमच्याकडे अकरा दिवस लागतात.

पाचव्या मिनिटाला उपकरण व्यवस्थापन कक्षाचा मेल आला. 'आपली रजा मंजूर झाली आहे. तथापि आपल्या ताब्यातील लॅपटॉपची रजा मंजूर झालेली नाही, याची नोंद घ्यावी.'

उपकरण व्यवस्थापन कक्ष तळमजल्यावर, जिन्याखाली आहे. तिथल्या अधिकाऱ्यांना सगळे कुलूपसाहेब म्हणतात. ते स्वतःही फोन उचलल्यावर "कुलूप बोलतोय" असेच सांगतात. अत्यंत सभ्य माणूस. एखादी गोष्ट नाकारताना ते खुर्ची पुढे करतात आणि पाणी विचारतात, त्यामुळे पाणी विचारले की लोक आपला अर्ज परत मागतात.

"बसा. पाणी घेणार?" कुलूपसाहेब म्हणाले.

"साहेब, लॅपटॉपला रजा कशाला हवी? मी सुट्टीवर आहे. तो घरी कपाटात राहील."

"धारकाशिवाय?"

"धारक म्हणजे कोण?"

"तुम्ही. लॅपटॉपचे धारक. नव्या धोरणाप्रमाणे लॅपटॉप धारकापासून तीन मीटरच्या आत हवा, आणि दर वीस मिनिटांनी त्याची हजेरी मुख्य यंत्रणेला पोचायला हवी. नाही पोचली तर यंत्रणा त्याला बेपत्ता ठरवते."

"आणि मी बेपत्ता झाले तर?"

"तो विषय मनुष्यबळ विभागाचा," कुलूपसाहेब म्हणाले. "त्यांच्याकडे तशी यंत्रणा नाही."

मी लॅपटॉप एका दिवसापुरता त्यांच्याकडे जमा करायची तयारी दाखवली. त्यांना फार आनंद झाला. जमा करण्याचा अर्ज लॅपटॉपवरूनच करायचा होता. अर्ज केला की लॅपटॉप आपोआप बंद होणार होता. मग मंजुरीचा सहा आकडी क्रमांक येणार होता, तो सांगितल्यावर खिडकीवर लॅपटॉप घेतला जाणार होता.

"क्रमांक कुठे येणार?"

"लॅपटॉपवर."

"बंद पडलेल्या?"

"त्यावर काम चालू आहे," ते हळू आवाजात म्हणाले, आणि त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे आणखी थोडा सरकवला.

एक मार्ग मात्र होता. तो त्यांनी स्वतःहून सांगितला, कारण ते मनाने चांगले आहेत. लॅपटॉपला सोबत घेऊन जायचे, आणि जिथे जायचे त्या जागेची बाह्य कार्यस्थळ म्हणून मंजुरी घ्यायची. नमुना आठ, चौदा पाने. मी घरी येऊन आत्याला सांगितले.

"म्हणजे आपल्याबरोबर तिसरं माणूस येणार," आत्या म्हणाली. "येऊ दे. त्याला कुठलं आकाश द्यायचं?"

खाणीचा अर्ज दुसऱ्याच दिवशी परत आला. पठारावर नेटवर्क नव्हते. वीस मिनिटांनी लॅपटॉप बेपत्ता ठरला असता आणि चाळिसाव्या मिनिटाला त्याने सुरक्षेसाठी आपली स्मृती स्वतःच पुसून टाकली असती. नेटवर्क नाही म्हणूनच तिथे दिवे नाहीत आणि दिवे नाहीत म्हणूनच उल्का दिसतात, असे मी अर्जासोबत जोडले. त्यावर शेरा आला: 'अर्जदाराने दोष मान्य केला आहे.'

धरणाचा माळ जलसाठ्याच्या जवळ म्हणून नाकारला गेला.

"पाणी दोनशे मीटर खाली आहे हो," मी कुलूपसाहेबांना म्हणाले.

"म्हणजे पडला तर चांगलाच पडेल," ते कळवळून म्हणाले.

उरली टेकडी. तिथे नेटवर्क होते, पाणी नव्हते. कुलूपसाहेबांनी माझ्यासमोर बसून अर्ज पुढे नेला. सहाव्या पानावर प्रश्न होता: कामाच्या पृष्ठभागावरील प्रकाश, किमान तीनशे लक्स. मी खरे ते लिहिले: ०.००१.

"दशांश चिन्ह चुकलंय वाटतं," ते म्हणाले.

"नाही. रात्र आहे."

"रात्र असली तरी धारकाच्या डोळ्यांची काळजी कार्यालयाला आहे ना. अंधारात बसून तुमची नजर बिघडली तर?"

मी त्यांना आत्याच्या नजरेबद्दल सांगितले. एक वर्ष, उजवी बाजू, चंद्र नाही, सगळे सांगितले. ते खरोखर हळहळले. त्यांच्या वडिलांनाही तेच झाले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "एक करू. टेकडीवर तीनशे लक्सचा दिवा लावा. मी आजच्या आज सही करतो."

दिवा लावल्यावर उल्का दिसणार नाहीत, हे त्यांना पटवायला अर्धा तास गेला. पटल्यावर त्यांनी अपवादाची शिफारस केली आणि अर्ज सुरक्षा अधिकाऱ्यांकडे पाठवला. सुरक्षा अधिकाऱ्यांना दिव्याचे काही नव्हते. त्यांनी थेट अकरावे पान उघडले.

"भेटीचा उद्देश, उल्कावर्षाव. बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे वरून वस्तू पडणार. ताशी किती?"

"अगदी चांगलं आकाश असलं तर शंभरपर्यंत. पण त्या पडत नाहीत हो. वाळूच्या कणाएवढ्या असतात, शंभर किलोमीटर उंचीवरच जळून जातात."

"सगळ्या?"

"जवळजवळ सगळ्या."

त्यांनी 'जवळजवळ' हा शब्द कागदावर टिपून घेतला आणि त्याखाली दोनदा रेघ मारली. मला विज्ञान शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी अनिश्चितता नेहमी प्रामाणिकपणे सांगावी असे बजावले होते. त्यांना कधी सुरक्षा अधिकारी भेटलेला नसावा.

"ताशी शंभर वस्तू, तीन तास. तीनशे वस्तू," ते म्हणाले. "आणि तुम्ही लॅपटॉप उघड्यावर ठेवणार."

"मी स्वतःही उघड्यावरच असणार आहे."

"ते तुमच्या जबाबदारीवर. त्याला आमची हरकत नाही."

प्रकरण संचालिकाबाईंकडे गेले. बाई परिषदेहून नुकत्याच परतल्या होत्या आणि कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी काहीतरी करावे असे त्यांच्या मनाने घेतले होते. त्यांनी फाइल उभ्या उभ्या वाचली आणि मला बोलावून माझे कौतुक केले.

"इतकी सुंदर कल्पना आणि तू एकटीच जाणार होतीस?" त्या म्हणाल्या. "सगळे मिळून बघू. तुझ्या आत्यालाही आण. घरचंच माणूस आहे."

सायंकाळी परिपत्रक निघाले. सर्व शहाऐंशी कर्मचारी गुरुवारी पहाटे दोन वाजता आपापल्या लॅपटॉपसह उल्कावर्षाव पाहतील. उपस्थिती ऐच्छिक असून अनुपस्थितांनी कारण कळवावे. स्थळ: पूर्वमंजुरी असलेली, नेटवर्क, वीज आणि प्रकाश या तिन्ही निकषांत बसणारी एकमेव जागा, म्हणजे कार्यालयाचे आवार. वरून पडणाऱ्या वस्तूंचा धोका लक्षात घेता कार्यक्रम वाहनतळाच्या पत्र्याच्या शेडमध्ये होईल.

परिपत्रकाखाली संयोजक म्हणून माझे नाव होते. माझी रजा रद्द करून तिच्या जागी सन्मानपत्र देण्यात आले होते.

बुधवारी संध्याकाळी आत्या चटई गुंडाळत होती. मी तिला परिपत्रक वाचून दाखवले. तिने शेवटपर्यंत ऐकले.

"पत्र्याखाली?" तिने विचारले.

"आत्या, बाईंनी तुलाही बोलावलंय. मोठ्या पडद्यावर दुसऱ्या देशातलं आकाश दाखवणार आहेत, थेट."

"दुसऱ्या देशातलं मला काय करायचंय? आपलं कुठे गेलंय?"

"अगं, मी संयोजक आहे. मी नाही गेले तर कसं दिसेल?"

"मला विचारतेस?" आत्या म्हणाली. "मला आता फारसं दिसत नाही."

ती शेजारच्या टेम्पोवाल्याच्या घरी गेली आणि पाच मिनिटांत परत आली. टेम्पोवाला पहाटे तसाही खडी आणायला खाणीच्या रस्त्याने जातो. तिने त्याला डावे आकाश देऊन टाकले होते.

"त्याच्याकडे लॅपटॉप नाही," ती एवढेच म्हणाली.

शेडमधला कार्यक्रम अत्यंत यशस्वी झाला. शहाऐंशी लॅपटॉप एकाच वेळी जोडल्यामुळे पडद्यावरचे परदेशी आकाश अडकले आणि एक उल्का सव्वा तास जागच्या जागी चमकत राहिली. इतका वेळ टिकलेली उल्का कोणीच पाहिली नव्हती. संचालिकाबाईंनी तिच्यासोबत फोटो काढून घेतला. सुरक्षा अधिकारी शिरस्त्राण घालून पत्र्याकडे लक्ष ठेवून होते. मी दर वीस मिनिटांनी सर्वांना हजेरीचे बटण दाबायची आठवण करत होते. पाच वाजता प्रतिसाद अर्ज भरून घेतले. 'आकाश कसे वाटले?' या प्रश्नाला शहाऐंशीपैकी एक्याऐंशी जणांनी 'उत्तम' अशी खूण केली. उरलेल्या पाच जणांना झोप लागली होती.

घरी पोचले तेव्हा आत्या चहा घेत होती. तिच्या केसांत खडीची धूळ होती.

"किती?" मी विचारले.

"माझ्या बाजूला एकोणचाळीस. त्याने चौसष्ट सांगितल्या. विमानं वजा केली, एक काजवा वजा केला, तर बावन्न. पोरगा चुकतो, पण ओरडतो छान." तिने बशी खाली ठेवली. "एक अशी गेली की जमीन दिसली. माझी सावली पडली माझ्या शेजारी. तू असतीस तर..." आणि वाक्य अर्धवट सोडून तिने दुसरा घोट घेतला.

मी त्याच दिवशी दुपारी जिन्याखाली गेले.

"बसा," कुलूपसाहेब म्हणाले. "पाणी?"

"नको. एकच सांगा. मी लॅपटॉप कपाटात ठेवून, कोणाला न विचारता आत्याबरोबर गेले असते, तर काय झालं असतं?"

"तो बेपत्ता ठरला असता."

"आणि मग?"

"मग स्मृती पुसली गेली असती."

"सगळं तर मुख्य यंत्रणेवर असतं. परत भरता आली असती?"

"दहा मिनिटांत."

"मग शिक्षा काय?"

त्यांनी धोरणाची जाड फाइल काढली. बराच वेळ पाने उलटली. शेवटी शिक्षेचे पान सापडले. ते कोरे होते. वर फक्त लिहिलेले होते: 'पहिल्या उल्लंघनानंतर ठरवण्यात येईल.'

"धोरण सहा वर्षांपूर्वीचं आहे," कुलूपसाहेब स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "पण ठरवायची वेळच आली नाही. कोणी गेलंच नाही कधी."

त्यांनी फाइल मिटली आणि या वेळी पाणी स्वतः प्यायले.

आता तुम्ही म्हणाल, ही मुलगी मूर्खच. असेन. पण खाण नाकारली गेली तेव्हा धरणाचे काय होते, आणि धरण गेले तेव्हा टेकडी मंजूर होते का, हे बघायला तुम्ही माझ्याबरोबर इथपर्यंत आलात. मधल्या कोणत्या ओळीला तुम्ही म्हणालात, की अर्ज राहू दे, ऊठ आणि जा?