सासऱ्यांच्या चाकूची खाच

जुना, गंजलेला घडीचा चाकू माझ्या हातात द्यावा आणि महिनाभर विसरून जावं. परत मिळेल तेव्हा मालकालाही ओळखू येणार नाही, अशी माझी ख्याती आहे. निदान माझ्या मते आहे. दिवसभर ऑफिसात फायलींवर डोकं घासून आलं, की संध्याकाळी बाल्कनीत बसून मी पाती घासतो.

सासरे निवृत्त वायरमन. चाळीस वर्षं त्यांच्या खिशात राहिलेला चाकू मी मागून आणला. गंज काढला, पातं आरशासारखं केलं, तडकलेली काळी मूठ फेकून शिसवीची बसवली. बोटांची सालटी गेली, पाठ आखडली ती वेगळीच. रविवारी त्यांच्या घरी जाऊन चाकू त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी उलटसुलट करून पाहिला. "छान आहे. माझा कुठंय?"

"हाच तुमचा, बाबा."

"माझ्या पात्याला खाच होती. चालू वायर कापली गेली, पात्याचा तुकडा उडाला आणि मी वाचलो. ती खाच कुठंय?"

"काढली मी."

"खाच म्हणजे नसलेलं लोखंड. नसलेलं कसं काढलंत?"

"आजूबाजूचं घासून खाचेपर्यंत आणलं."

"म्हणजे पातं लहान झालं?"

"थोडं."

"तेच म्हणतोय. माझं मोठं होतं."

बायकोने मला स्वयंपाकघरात ओढलं. "बाबांचा चाकू हरवलास ना? बाबा ती खाच दाखवून येईल त्याला तो किस्सा सांगायचे. आता काय दाखवणार?"

पुरावा म्हणून जुनी मूठ आणायला मी घरी धावलो. कचऱ्याची गाडी गुरुवारीच येऊन गेली होती. रिकाम्या हातांनी परतलो, तर सासूबाई सासऱ्यांना समजावत होत्या, "नवा आणून दिलाय ना बिचाऱ्यांनी. सोडा आता."

माझ्यात वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं. "हरवला," मी म्हणालो.

सासऱ्यांचा चेहरा निवळला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हरवतं हो माणसाच्या हातून. एवढंच आधी सांगायचं." मग चाकू दोनदा उघडमीट करून माझ्या हातात दिला. "आणि हा दुकानदाराला परत करा, जावईबापू. फसवलंय तुम्हाला. पातं डुगडुगतंय."

मी हलवून पाहिलं. डुगडुगत होतं.