ट्रेविनबाईंचं टर्बाइन

इंग्लंडातल्या आमच्या स्विंडनमध्ये गॅस टर्बाइन इंजिनांबद्दल कुणाला काही विचारायचं असेल, तर माझ्याकडेच यावं लागतं. कुणी येत नाही, ती गोष्ट वेगळी. विमानासारखं टर्बाइन पोटात घेऊन धावणारी ही रेल्वे इंजिनं आमच्याकडे मोजकीच झाली आणि बहुतेक भंगारात गेली. म्हणून मी त्यांची मॉडेल्स जमवतो. नव्हतं फक्त जीटी-थ्री नावाच्या इंजिनाचं पितळी मॉडेल. ते दिवंगत आर्थर ट्रेविननी स्वतःच्या हाताने घडवलं होतं, आणि आता त्यांची बायको ते कुणाला तरी देऊन टाकणार असल्याचं आमच्या क्लबात कळलं.

मी लगेच फोन केला. "गॅस टर्बाइनसाठी येतोय."

"बरं झालं, लवकर या," ट्रेविनबाई म्हणाल्या.

निघताना बायकोने बजावलं, "डेस्मंड, म्हातारी बाई आहे. गेल्या गेल्या कपाटात डोकं घालू नकोस. त्या काय म्हणतात ते आधी ऐक."

मी ऐकलं. तिथेच फसलो.

दार उघडलं तेव्हा बाई घरात ओव्हरकोट घालून उभ्या होत्या. "गॅसचेच ना?"

"गॅस टर्बाइनचा," मी ऐटीत म्हणालो.

त्यांनी मला थेट स्वयंपाकघराकडे नेलं. जाताना बाहेरच्या खोलीत शेकोटीवरच्या फळीवर तपकिरी रंगवलेलं जीटी-थ्री दिसलं आणि मी मान वळवून बघतच राहिलो. स्वयंपाकघरात पाहतो तर समोर घर गरम करणारा गॅसचा बॉयलर.

"कालपासून थंडगार पडलाय," बाई म्हणाल्या.

"बाई, मी त्या इंजिनासाठी आलोय."

"इंजिनच म्हणा. चालू असलं की तसाच आवाज करतं."

"ते नाही हो, बाहेरचं!"

"बाहेरचं नंतर. आधी हिच्याकडे बघा, कशी कुडकुडतेय."

कोपऱ्यात त्यांची बहीण विनिफ्रेड गोधड्यांत गुरफटून बसली होती. "मागचा पण नुसता बघूनच गेला होता," ती म्हणाली.

बाईंना कमी ऐकू येतं आणि बहिणीचा कुणावर विश्वास नाही, एवढं मला कळलं. मी गुडघ्यांवर बसलो. आमच्याकडे परवान्याशिवाय गॅसच्या उपकरणाला हात लावणं गुन्हा आहे. म्हणून झाकणावर नुसती टिचकी मारली, तर ते निखळून माझ्या हातात आलं. त्या गारठ्यात मला दरदरून घाम फुटला.

तेवढ्यात घंटी वाजली. विनिफ्रेड दार उघडायला गेली. दारात हत्यारांची पिशवी घेतलेला एक धिप्पाड माणूस.

"माफ करा, उशीर झाला. फाटकात आगगाडी आडवी आली."

"हिल्डा, आगगाडीवाले आले गं," विनिफ्रेडने बहिणीला हाक मारली.

तो पुढे काही बोलायच्या आत ट्रेविनबाईंनी जीटी-थ्री टॉवेलात गुंडाळून त्याच्या हातात दिलंसुद्धा. "आर्थरची आठवण आहे. जपा हं."

"मुलीला आवडेल," तो गोंधळून म्हणाला.

मी झाकण हातात घेऊन धावत बाहेर आलो. त्याने झाकणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे तुम्ही काढलंत? परवाना दाखवा."

माझ्याकडे फक्त मॉडेल क्लबचं कार्ड होतं. तेच दाखवलं. त्याने ते वाचलं, हातातल्या गाठोड्याकडे पाहिलं, आणि बिचारा हसू दाबत बाईंच्या कानाशी ओरडून सगळं समजावू लागला. बोलता बोलता स्वयंपाकघरात जाऊन त्याने एक बटण दाबून बॉयलर चालूही केला.

"दिलेली वस्तू परत घेऊ?" ट्रेविनबाई मला म्हणाल्या. "आर्थरला नसतं चाललं ते. शिवाय यांनी घर गरम केलं. तुम्ही झाकण काढलंत."

मी कोट उचलला. दाराशी तो माणूस हळूच म्हणाला, "आत्ता त्या बघताहेत. गल्लीच्या टोकाला थांबा, तिथे देतो."

मी जवळजवळ पळतच टोक गाठलं. पाऊस भुरभुरत होता. प्रत्येक गाडीचा दिवा दिसला की मी दोन्ही हात पुढे करत होतो. त्याची गाडी काही आली नाही. चिंब भिजल्यावर कधीतरी माझ्या डोक्यात उजेड पडला, की गल्लीला टोकं दोन असतात.

त्याचं नाव विचारायचं राहिलं. हल्ली मी आमचा बॉयलर बिघडायची वाट बघतोय. मेला ठणठणीत आहे.