महिन्याच्या पहिल्या रविवारचं तेल

रामटेके काकांच्या घरात एक कोरा करकरीत मिक्सर चार वर्षांपासून खोक्यात बसून आहे. तो बिघडलेला नाही. त्याच्यासोबत पुस्तक आलं नाही, एवढाच त्याचा गुन्हा. काका चटणी पाट्यावर वाटतात आणि कुणी विचारलंच तर म्हणतात, "बिना पुस्तकाच्या मशीनले मी हात लावत नाही. उद्या तिनंच मले हात लावला, तर?"

पुस्तक म्हणजे नव्या वस्तूच्या खोक्यात वापराच्या सूचनांचं जे चोपडं येतं ते. तुम्ही-आम्ही ते वॉरंटी कार्डासकट एखाद्या खणात टाकून विसरतो. काका ते वाचतात. पंख्याचं, कुकरचं, बॅटरीचं, सगळी पुस्तकं. पेन्सिलीनं खुणा करून. आयुष्यभर ते वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते. तिथून त्यांनी दोनच गोष्टी घरी आणल्या: खाकी शर्टावर न निघणारे डाग आणि एक तत्त्व. "साहेब बदलते. पुस्तक बदलत नाही."

मी त्यांची शेजारीण. रायपूरच्या तात्यापाऱ्यात आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे, आणि तीही कान लावायची गरज पडू नये इतकी पातळ. आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे असत. बाबा ती लिहायचे, छापून आणायचे, वाटायचे. अक्षरओळख मला त्या गठ्ठ्यांवरूनच झाली, त्यामुळे 'अ' म्हटलं की इतर मुलांना अननस दिसायचा आणि मला अन्याय. आता पत्रकं मी लिहिते. नळाला पाणी का नाही, सफाई कामगारांना हातमोजे का नाहीत. खोटं बोलणाऱ्याला मी सोडत नाही, मग तो नगरसेवक असो की दूधवाला. काका मला 'लीडर' म्हणतात. कौतुकानं म्हणतात की कसं, हे मला अजून कळलेलं नाही.

आमची खरी ओळख झाली ती माझ्या स्कूटरमुळे. एका मोर्चाहून मी परत येत होते. स्कूटर खोकत होती. काका दारात उभे होते. त्यांनी हात आडवा केला, जसा गाडी थांबवायला गार्ड लाल झेंडा धरतो.

"तेल कधी बदललं होतं?"

"कसलं तेल?"

काकांनी डोळे मिटले. मग तेल मोजायची पट्टी बाहेर काढून माझ्या नाकासमोर धरली. तिच्यावर डांबरासारखं काहीतरी चिकटलेलं होतं.

"वा रे लीडर! इंजिनचं तेल बदलवलं नाही अन् दुनिया बदलवायले निघाली!"

त्या दिवशी त्यांनी त्यांच्या अंगणात माझ्या स्कूटरचं तेल बदललं. गाडी मोठ्या स्टँडवर. इंजिन तीन मिनिटं चालू, कारण गरम तेल मोकळं वाहतं. खाली काकूंची जुनी ॲल्युमिनियमची परात. सतरा नंबरच्या पान्यानं बोल्ट सैल केला आणि काळं तेल धारेनं परातीत आलं. मग नवा वॉशर. "बोल्ट तोच चालते, वॉशर नवा पाह्यजे. पुस्तकात लिहिलं आहे." शेवटी नरसाळ्यातून मधाच्या रंगाचं नवं तेल. सगळं मिळून पंधरा मिनिटं.

मी आभार मानायला लागले तर म्हणाले, "काम झालं ना? मग जाय."

हा काकांचा दुसरा विक्षिप्तपणा. काम असेल तर माणसानं यावं, नसेल तर कशाला यावं? तुम्ही त्यांच्या दारात पाऊल टाकलं की आतून आवाज येतो, "काम?" नमस्कार नाही, या-बसा नाही. फोनवरही तसंच. "हॅलो. काम? नाही? मग ठेवतो." एकदा एका कंपनीच्या मुलीनं त्यांना कर्ज हवं का म्हणून फोन केला होता. तिच्याशी मात्र ते सहा मिनिटं बोलले. कारण तिला काम होतं.

काकू होत्या तेव्हा हे चालून जायचं. काकू दिवसभर बिनकामाचं बोलायच्या आणि बिनकामाच्या माणसांना बोलवायच्या. लेकीला तर त्या रोज फोन करायच्या. लेक म्हणजे सुजाता दीदी. ती नवा रायपूरमध्ये मंत्रालयात नोकरीला आहे आणि राहतेही तिथल्याच सेक्टरमधल्या फ्लॅटमध्ये. काकू गेल्या आणि तो रोजचा फोन बंद झाला. काकांना काम नव्हतं. काम नसताना फोन करायचा कसा, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

पण सुजाता दीदी महिन्याच्या पहिल्या रविवारी न चुकता यायची. स्कूटरचं तेल बदलायला. ते दर महिन्याला बदलायचं असं पुस्तकात आहे, हे काकांनीच तिला सांगितलं होतं.

ती पंचवीस किलोमीटरवरून यायची. तिची स्कूटर माझ्याच मॉडेलची. काका सकाळपासून अंगणात परात, पाना, नरसाळं मांडून बसायचे. कोपऱ्यावर स्कूटर वळली की आवाजावरून त्यांना कळायचं. "आली," म्हणून ते आत जाऊन चहाचं आधण ठेवायचे. ती दारात आली की मात्र तेच, "काम?"

"तेल, पापा."

"हव. बस."

मी अंगणाच्या भिंतीवरून पाहायचे. माझ्या गाडीचं तेल पंधरा मिनिटांत उरकणारा हा माणूस तिच्या गाडीला दीड तास लावायचा. बोल्ट काढला की परातीपाशी पाटावर बसून राहायचा.

"पापा, हो गया ना? निकल गया सब."

"थांब. शेवटचा थेंब येऊ दे."

तो शेवटचा थेंब येईपर्यंत तिनं खुर्चीवर बसायचं. काका इंजिनखाली डोळे लावून प्रश्न विचारायचे, जणू काही इंजिनलाच विचारताहेत.

"जेवते ना बरोबर?"

"हां पापा."

"तुझी पोट्टी शाळेत जाते?"

"जाती है. आजोबा कैसे हैं, पूछती है."

"ठीक आहे म्हणा. गुडघा दुखते, पण ते नको सांगू."

आणि थेंब पडायचा. टप्. आणि पुन्हा थांबायचं.

गेल्या उन्हाळ्यात मी एक पत्रक लिहायला घेतलं. इंजिनचं जळकं तेल लोक सर्रास नालीत ओततात, नालीतून ते खारुन नदीत जातं आणि तेच पाणी आपल्या नळाला येतं. विषय माझ्या आवडीचा, राग तयारच होता. फक्त माहिती हवी होती. तेल किती दिवसांनी बदलायचं असतं? मी माझ्या स्कूटरचं पुस्तक शोधून काढलं. प्लॅस्टिकच्या पिशवीतून ते कधी बाहेरच आलं नव्हतं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: चार हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते.

एक वर्ष! आणि सुजाता दीदी दर महिन्याला येते?

मग मला आठवलं. तिच्या परातीतलं तेल कधी काळं पाहिलंच नव्हतं मी. ते मधासारखंच असायचं. गेलं तसंच बाहेर यायचं.

मी पुस्तक घेऊन तडक काकांकडे गेले.

"काम?"

"आहे. हे वाचा." मी पान त्यांच्यासमोर धरलं. "पेन्सिलीनं खूण करू का?"

काकांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. हे पान त्यांना पाठ असणार.

"तुम्ही दीदीला महिना सांगितलात. पुस्तकात वर्ष आहे. तुम्ही! पुस्तकाच्या नावावर खोटं?"

काका बराच वेळ हातातला वॉशर पुसत राहिले. तो नवाच होता, पुसण्यासारखं त्याच्यावर काही नव्हतं.

"पुस्तक कंपनीनं लिहिलं," ते म्हणाले. "कंपनीले पोट्टी आहे का?"

मी मोर्चात पोलिसांशी वाद घातला आहे. अधिकाऱ्यांच्या टेबलावर हात आपटला आहे. या प्रश्नापुढे मात्र मी पुस्तक मिटलं.

"आणि ते चांगलं तेल? ते फेकता?" मी शेवटी विचारलं.

"फेकीन कशाले? गाळून ठेवतो. तुझ्या गाडीत तेच आहे. शर्मा भैयाच्या गाडीत तेच. समोरच्या दीदीच्याही."

"काका!"

"गाळू नका, असं पुस्तकात कुठं लिहिलं आहे? दाखव."

म्हणजे आमची अख्खी गल्ली एका बापाच्या खोटेपणावर चालत होती, आणि झकास चालत होती. मी घरी आले. या विषयावर पत्रक काढायचं नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा ठरवलं.

नालीचं पत्रक मात्र काढलं. मजकूर जोरदार झाला होता. शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "तेलच नको! बॅटरीची स्कूटर घ्या!" चौकात वाटलं, गल्लीत वाटलं, आणि पहिल्या रविवारी सुजाता दीदी आली तेव्हा तिच्याही हातात एक दिलं. तत्त्वाच्या भरात माणसाला समोरचं दिसत नाही, हे मी दुसऱ्यांबद्दल अनेकदा लिहिलं आहे.

पुढच्या महिन्यात ती खुर्चीवर बसल्या बसल्या भिंतीवरून डोकावणाऱ्या माझ्याकडे बोट करून म्हणाली, "पापा, मैंने बॅटरीवाली बुक कर दी. हिचं पत्रक वाचलं ना, तेव्हाच ठरवलं. ही गाडी काढून टाकते."

परातीत धार चालू होती. काकांचा हात पान्यावर थांबला. मी भिंतीच्या अलीकडे खाली बसले.

"तिच्यात तेल किती लागते?" काकांनी विचारलं.

"लगता ही नहीं. इंजिनच नाही ना तिच्यात. कुछ करना ही नहीं पड़ता."

"बरं झालं," काका म्हणाले. मग पाना पुसून म्हणाले, "पुस्तक देतात?"

"पुस्तक नहीं पापा, अब सब मोबाईल में आता है."

त्या दिवशी शेवटचा थेंब यायला दोन तास लागले.

नंतरचा महिना मी काकांना टाळलं. तोंडच नव्हतं. पहिला रविवार आला तेव्हा राहवेना. भिंतीवरून डोकावले, तर परात, पाना, नरसाळं सगळं अंगणात मांडलेलं. मग काकांनीच ते एकेक उचलून आत नेलं. फक्त परात राहिली. ती पालथी घालून ते तिच्यासमोर पाटावर बसले, दाराकडे पाठ करून.

मी माझी स्कूटर ढकलत त्यांच्या अंगणात नेली.

"काम?"

"तेल बदलून द्या ना काका."

त्यांनी मागे न वळता विचारलं, "किती किलोमीटर झाले?"

"नऊशे."

"मग काहून आली? चार हजाराले ये. पुस्तकात लिहिलं आहे."

इतका कडक माणूस! एका माणसासाठी सोडून कुणासाठीही पुस्तक वाकवायला तयार नाही. मी स्कूटर तशीच धरून उभी राहिले. परत जावंसं वाटेना आणि काम तर नव्हतं.

कोपऱ्यावरून काहीच आवाज आला नाही. येणार कसा? पांढरी स्कूटर मांजरीसारखी दारात येऊन थांबली. सुजाता दीदी उतरली. काकांना पत्ताच नाही. चहाचं आधण ठेवायचं राहून गेलं होतं. ती त्यांच्या पाठीमागे येऊन उभी राहिली तेव्हा त्यांना वाटलं, मीच अजून उभी आहे.

"सांगितलं ना, चार हजाराले ये म्हणून."

"काम है, पापा."

काका वळले. मग उठायला गेले, आणि गुडघ्यानं आवाज केला.

दीदीनं डिकीतून एक जाडजूड गठ्ठा काढला. स्पायरल बाइंडिंग केलेला, वर पारदर्शक कव्हर. नव्या स्कूटरचं पुस्तक. मोबाईलमधलं सगळंच्या सगळं तिनं कागदावर काढून आणलं होतं. सरकारी कागदावर नाही, बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून. हे मी नंतर विचारून घेतलं.

"इसमें लिखा है," ती म्हणाली, "ब्रेक दर महिन्याला तपासायचे. घरच्या माणसानं. आवाज येतो थोडा. येतो की नाही गं?"

हे ती मला विचारत होती. स्कूटर महिन्याभराचीही नव्हती. तिच्या ब्रेकला आवाज करायला अजून कंठ फुटायचा होता.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "लीडर, तू वाचलं का हे?"

"वाचलं," मी म्हणाले. "दर महिन्याला. ठळक अक्षरांत आहे."

मी त्या गठ्ठ्याला हातही लावलेला नव्हता. ब्रेकचं पान पुढे कधीतरी पाहिलं. त्यात काय लिहिलं आहे ते मी कुठल्याही पत्रकात छापणार नाही.

काकांनी खिशातून चष्मा काढला, दुसऱ्या खिशातून पेन्सिल. गठ्ठा मांडीवर घेतला. पहिलं पान उघडलं, पानांची जाडी अंगठ्यानं चाचपली, आणि पुस्तकातून डोकं वर न काढता पायानं खुर्ची लेकीकडे सरकवली.

"लय मोठं आहे. पह्यल्यापासून वाचावं लागते," ते म्हणाले. "टाइम लागीन. बस."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू काहून उभी आहे? चहा ठेव जाय. तिघांचा."