किसनकाका आणि गावभरचे कान

आमच्या जऊळक्यात पाहुणा आला की लोक पाणी देतात; किसनकाका पाहुण्याच्या पोराच्या तोंडात बॅटरी मारतात. "आ कर रे बाप्पा!" नमस्कार-चमत्कार नंतर. काका रेल्वेतून रिटायर झालेले. सारी नोकरी डब्यांची चाकं तपासण्यात गेली, आता पोरांचे कान, घसे नि कातडी तपासतात. डॉक्टरकीचा गंध नाही, त्यामुळे आत्मविश्वास दांडगा.

एका बारशाच्या पंगतीत त्यांनी यजमानांच्याच नातवाचा हात धरून जाहीर केलं, "खरूज होय हे! बोटाच्या बेचक्यात पाहा. राती लय खाजवते ना? मंग एकट्याले नाही, साऱ्या घराले मलम लावा." वरणभात राहिला बाजूला, अख्खी पंगत खाजवत बसली. खरूजच निघाली, पण त्या घरचं आमंत्रण काकांना पुन्हा आलं नाही.

चुकतातही. माझ्या पुतणीचा घसा पाहून "काळानिळा पडला, वाशीमले न्या!" म्हणून बोंब ठोकली. पोरीनं जांभळं खाल्ली होती.

परवा आमची चार वर्षांची मुक्ता कान धरून रडत होती. कान वाहतही होता. बायकोनं घरोघरी करतात तसं लसणाचं तेल कोमट केलं, तोच काका दारात हजर.

"काहून वं सूनबाई, पोरीचा कान हाय का दिवा?"

वाटी हिसकून त्यांनी तेल सरळ मोरीत ओतलं. बायको भडकली, मीही. म्हातारा हलेना. "पह्यले डॉक्टर. तवरोक मी इथंच बसतो." शेवटी गेलो वाशीमला. कानाच्या पडद्याला भोक पडलं होतं. तेल घातलं नाही ते बरं केलंत, डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी हे सांगायला काकांकडे गेलो. ते एकटेच जेवायला बसले होते, समोर तांब्याला टेकवलेला मोबाइल. त्यात पुण्याला नोकरी करणारा त्यांचा मुलगा, तोही जेवत होता. बोलत कुणीच नव्हतं.

माझं ऐकून काकांनी मान डोलवली. "याचेबी कान असेच वाहेत. आमी तेल टाकत गेलो. हाक मारली तं पाहे नाही. मास्तर म्हणे, पोट्टा मस्तीखोर हाय. मलेबी तसंच वाटे. आता काहीच ऐकू येत नाही त्याले."

"मग फोनवर काय बोलता?"

"बोलतो कायले? संगं जेवतो."

त्यांनी भाकरी उचलून मोबाइलपुढे धरली. तिकडून मुलानं आपलं ताट दाखवलं. काका ताटाकडे निरखून पाहत होते. मग मोठ्यानं म्हणाले, "भात कोरडा दिसून राह्यला रे बाबू. थोडंसं तूप घे."